नदी वाट विचारते

मंगळवारी दुपारी नदी वाट विसरली आणि चौकशीसाठी करवंदघोळच्या ग्रामपंचायतीत आली.

"समुद्राकडे कुठून जायचं हो?" तिनं पायरीवर थांबून विचारलं.

"रहिवासी आहात का?" ग्रामसेवक निकाळजे भाऊसाहेबांनी विचारलं.

"जन्मच इथला. सकाळी जरा डुलकी लागली. जाग आली तर काही आठवेना."

भाऊसाहेबांनी खिडकीतून पश्चिमेकडं बोट केलं. "हा कडा उतरलात की कोकण, तिथून समुद्र हाकेवर."

सगळ्या सदस्यांनी माना डोलावल्या. सरपंच हौसाताई ढेबे मात्र उठून उभ्या राहिल्या. कड्याच्या थेट पायथ्याशी त्यांचं माहेर होतं. आई या वेळी अंगणात कुळीथ वाळत घालून बसलेली असणार.

"जवळ आहे म्हणून काय झालं?" हौसाताई म्हणाल्या. सरपंच होण्याआधी त्या शाळेत भूगोल शिकवत. "आपल्या जमिनीचा उतार पूर्वेला आहे. हिचा समुद्र पलीकडचा. बंगालचा."

"अगं बाई, एवढा लांब?" नदी मटकन खाली बसली. बाकं तरंगली.

"मतदान घेऊ," भाऊसाहेब पाय वर घेत म्हणाले.

मतदान झालं. पश्चिमेला पाच मतं, पूर्वेला दोन. नदीनं सर्वांचे आभार मानले, पदर खोचला आणि ती कड्याकडे निघाली.

सत्काराला आणलेला नारळ टेबलावर होता. तो उचलून हौसाताई पळतच नदीला आडव्या गेल्या.

"अहो बाई, ठरावानं उतार बदलत नाही! हे बघा!"

त्यांनी नारळ जमिनीवर ठेवला. तो क्षणभर डुगडुगला, मग पूर्वेकडं गडगडत सुटला.

नदी बघतच राहिली. "अय्या, आठवलं!" ती ओरडली आणि खिदळत नारळामागं धावली. तिच्यामागं हौसाताई, मागं सदस्य, आणि सगळ्यांत शेवटी वाहून चाललेल्या आपल्या चपलेमागं भाऊसाहेब. शिवेपर्यंत सगळे तिला पोचवून आले. हसून हसून कुणाला धड बोलता येईना. पुढच्या गावाला फोन करून कळवलं, पाहुणी येतेय, वळणावर कुणीतरी उभं राहा.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडली तर खुर्चीत वारा बसला होता. त्याला ईशान्येला जायचं होतं.

"कुणी पाठवलं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"नदीनं. म्हणाली, ढेबेबाईंनाच विचार, मतदान नको."

"बसा," हौसाताई म्हणाल्या. "पण आधी कागदांवर वजन ठेवू द्या."