भालेराव सरांचा स्कॉटलंड

बेलापूर गावाला गिर्यारोहणाची परंपरा आहे. ती दीड वर्षं जुनी आहे, एकाच माणसाने चालवलेली आहे आणि गावात डोंगर नाही.

तो माणूस म्हणजे माझ्या शेजारचे भालेराव सर. निवृत्त भूगोल शिक्षक, दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर, आणि मे महिन्यातल्या शनिवारी दुपारी दोन वाजता पाटाच्या कडेने रेनकोट घालून चालणारे. पाटाला पाणी असतं. आभाळात नसतं.

म्हशी राखणारे नाना एकदा त्यांना म्हणाले, "सर, पाऊस हाय का?"

"आहे."

"कुठं?"

नानांनी हा शब्द उच्चारायला नको होता. घराबाहेर पडलेल्या माणसाला 'कुठं' विचारू नये हा आपल्याकडचा जुना नियम. सरांनी तो इतका पाळला की, कुणी "कुठं निघालात?" म्हटलं की ते घरी परत जात, चपला काढून बसत, तांब्याभर पाणी पीत आणि नव्याने निघत. नोकरीच्या काळात चौकात दोन परिचित भेटले की पहिला तास बुडे. "ही अंधश्रद्धा नाही," ते मला सांगत, "शिस्त आहे. नियम म्हणजे नियम."

मग त्यांची मुलगी रूथ शिकायला स्कॉटलंडला गेली. सरांच्या बाई आधीच देवाघरी गेलेल्या, त्यामुळे घरात सर आणि भिंतीवरचा जगाचा नकाशा एवढेच उरले. रूथला तिथे डोंगरवाटांचा नाद लागला. शनिवार आला की पाठीवर पिशवी आणि ही निघाली. फोटो यायचे: तळी, धुकं, मेंढ्या. सर ते मला दाखवत आणि फोटोतल्या डोंगराचा खडक ओळखून सांगत. रूथकडे बघत नसत.

पण तिथल्या वसतिगृहाचाही एक नियम होता. डोंगरावर जाण्याआधी कुणाला तरी सांगून जायचं: कुठं चाललो आणि किती वाजता परतणार. वेळेत परतलो नाही, तर त्या माणसाने आरडाओरडा करायचा. अर्जात त्या माणसाचं नाव लिहायचं होतं. रूथने पप्पांचं लिहिलं.

"सर, तुम्ही बेलापुरातनं करणार काय?" मी विचारलं.

"ओरडणार," सर म्हणाले.

अशा रीतीने आयुष्यभर 'कुठं' या शब्दाला घाबरलेल्या माणसावर, दर शुक्रवारी पोरीला "उद्या कुठं?" असं विचारायची पाळी आली. तिने उत्तर पाठवलं की सर त्यातलं अंतर वहीत उतरवायचे आणि शनिवारी तेवढंच पाटाकडेनं चालायचे. तिची निघायची वेळ तीच यांची. तिकडे पाऊस, तर इकडे रेनकोट. चढासाठी पाटाच्या पुलाच्या बारा पायऱ्या होत्या. एका डोंगराला त्या तीनशे अठ्ठावीस वेळा चढाव्या लागतात असं गणित निघालं. चाळिसाव्या फेरीला गुडघ्यांनी राजीनामा दिला. तेव्हापासून सर म्हणतात, "डोंगराची शोभा पायथ्यावरूनच."

तिचा "पोचले" असा मेसेज आला की सर घरी यायचे. आधी नाही.

गेल्या मे महिन्यातल्या एका शनिवारी तो आला नाही. आपल्या घड्याळाने सहाला यायला हवा होता. साडेसहाला मी पाटावर गेलो. सर पुलाच्या कठड्यावर बसले होते, रेनकोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, मोबाईल मांडीवर.

"फोन करा की, सर."

"कड्यावर असली तर? घंटी वाजली, दचकली, पाय घसरला... नको."

"मग घरी तरी चला."

"ती परतली का?" सर म्हणाले. "मग?"

नाना म्हशी घेऊन परत निघाले होते. त्यांना काय झालंय ते कळलं असावं. "येतीया, सर. लेक हाय तुमची. वक्ताला न्हाई तरी येतीया," एवढं बोलून ते थांबले. म्हशी पुढे गेल्या. नाना गेले नाहीत.

सव्वासातला फोन वाजला. सरांनी तो कानाला लावायच्या नादात स्पीकरवरच टाकला.

"पप्पा, सॉरी! लायब्ररीत होते, मोबाईल सायलेंटवर. सकाळी इतका पाऊस होता ना, मी गेलेच नाही. कळवायचं राहूनच गेलं."

नानांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"पप्पा? तुम्ही नाही ना गेलात चालायला? माझ्यामुळे उगाच?"

"छे गं," सर म्हणाले. आवाज वर्गातला, खणखणीत. "मी घरातच आहे. इथंही पाऊस लागलाय."

तेवढ्यात पुलापलीकडून नानांची म्हैस ओरडली. "दार उघडं राहिलंय," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

मी आभाळाकडे पाहिलं. ढगाचा पत्ता नव्हता. सरांनी बटणं सोडली, रेनकोट काढला आणि कठड्यावर झटकला. तो ओला होता. आतून.