दाराला नेहमी ग्लॉसच!

"रंगारी? माझ्या घरात? अगं, माझं डोकं अजून ठिकाणावर आहे!"

असं छाती फुगवून सांगणाऱ्या गृहस्थाला नळखात्यातली माणसं 'विश्वकोश' म्हणत. अगदी तोंडावर म्हणत. आपल्याला चिडवतायत हे त्याला कधी कळलंच नाही. उलट कुणी तशी हाक मारली की तो नाकावरचा चष्मा वर सारायचा. जगात ज्याला काही येत नाही तो निदान गप्प बसतो. ज्याला सगळं ठाऊक असतं आणि काहीच येत नाही, तो मात्र घराघरात नवरा म्हणून बसलेला असतो.

प्रसंग बाका होता. घर भाड्याचं. करार संपत आलेला. मालकीणबाईंनी निरोप धाडला होता, "रविवारी घर बघायला येते. नीट ठेवलेलं दिसलं तर करार पुढे. नाहीतर रिकामं करा. माझ्या पुतण्याला जागा हवीच आहे." घरमालक जातीचं हे एक बरं असतं. भिंतीत मुरणारं पाणी त्यांच्या पाइपाचं, पण भिंतीवरचा डाग भाडेकरूचा!

विश्वकोशाच्या बायकोने हातातली सुई खाली ठेवली. ती आतल्या खोलीत शिवणकाम करायची. खिडकीखाली मशीन, खिडकीतून दिवसभर पांढराशुभ्र उजेड, आणि डोळे मिटून ही पायरी चढतील अशी बांधलेली गिऱ्हाइकं. नवरा कुठल्याही घरात राहून नळखात्यात डुलक्या घेऊ शकत होता. तिचं तसं नव्हतं. घर गेलं की धंदा गेला.

"अहो, रंगाऱ्याला बोलवू या. हात जोडते."

"रंगारी काय करतो माहितीय? दिसली भिंत की फास रंग! लॅटेक्स म्हणजे काय, विचार त्याला. नाही सांगता येणार."

"सांगता नसेल येत. लावता येतो ना?"

पण विश्वकोश सुटला होता. आठवडाभर फोनमध्ये नाक खुपसून त्याने रंगशास्त्र कोळून प्यायलं होतं. "लॅटेक्स म्हणजे पाण्यात कालवलेला रंग. वास नाही, थिनर नाही, ब्रश नळाखाली धरला की साफ! आता त्याच्यात प्रकार. मॅट, म्हणजे चमक शून्य. तो छताला. का? छताचा उंचसखलपणा लपतो. सॅटिन, किंचित चमक, तो बैठकीला. सेमी-ग्लॉस स्वयंपाकघराला आणि न्हाणीला, कारण तेलाचे शिंतोडे उडोत की पाणी उडो, फडकं मारलं की स्वच्छ. आणि दारं-खिडक्यांना ग्लॉस. कडक, चकचकीत. हाताचे डाग पुसता येतात. लक्षात ठेव, दाराला नेहमी ग्लॉसच!"

आता गंमत बघा. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. हीच तर पंचाईत! माणूस सपशेल खोटं बोलत असला की बायको त्याला थांबवू शकते. अर्धं खरं बोलणाऱ्याला देवसुद्धा थांबवू शकत नाही.

छत झालं. छतापेक्षा विश्वकोशच जास्त रंगला, पण झालं. बैठक झाली. स्वयंपाकघरही झालं, आणि बायकोने मनातल्या मनात कबूल केलं की बरं दिसतंय. शनिवारी दारांची पाळी आली. दारांवर जुना हिरवा ऑइल पेंट होता. बुळबुळीत, काचेसारखा. त्यावर माशी बसली तर घसरावी!

"अहो, हे आधी घासायला नको का? पॉलिश पेपरने? प्रायमर का काय म्हणतात तो एक हात मारून?"

"घासायचं कशाला?"

"रेशमावर खडू ओढला तर उमटत नाही हो. सरकून जातो. तसंच वाटतंय हे."

"कापड आणि लाकूड यात फरक आहे. तू मशीन चालव."

ती मशीन चालवायला गेली. बायका अशा वेळी मशीन जरा जास्तच जोरात चालवतात.

रविवार उजाडला. दारं अशी झळकत होती की विश्वकोशाने त्यात बघून भांग पाडला. बोट लावलं, कोरडं! "बघ! तासाभरात सुकतो हा रंग!" हाताला सुकणं वेगळं आणि आतून पक्कं होणं वेगळं, आणि पक्कं व्हायला आठवडे लागतात, हे त्या फोनच्या पुढच्या पानावर होतं. तिथवर तो पोचला नव्हता. आधीच्याच पानावर त्याला पुरेसं ज्ञान झालं होतं.

मालकीणबाई आल्या. काठी टेकत, ओठ मिटून. मागून पुतण्या. त्याच्या हातात फुलं नव्हती, मिठाई नव्हती. मोजपट्टी होती! चपला काढायच्या आधी त्याने बैठकीची रुंदी मोजली.

"काकू, सोफा बसतोय."

"अरे, अजून ही माणसं—"

"जातील हो काकू! तुम्ही बसा. पायाला त्रास नको. सगळं मी बघतो. तुम्हाला काय कळणार यातलं!"

मालकीणबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. त्या बसल्या. पुतण्या घरभर हिंडला. छताकडे बघून म्हणाला, "चमक नाही." विश्वकोश म्हणाला, "नसतेच! मॅट आहे तो!" स्वयंपाकघरात म्हणाला, "फार चमकतंय." विश्वकोश म्हणाला, "चमकणारच! सेमी-ग्लॉस!" दोन गाढवं एकमेकांना पाठ दाखवून ओझं कसं वाहायचं ते शिकवत होती.

मग पुतण्या आतल्या खोलीत शिरला. मशीनकडे बघून म्हणाला, "हे भंगार निघेल ना?" "इथे माझं कपाट," तो म्हणाला, आणि दारामागची भिंत मोजायला त्याने दार आतून लावून घेतलं. मोजमाप घेताना तोल सावरायला पाठ दाराला टेकवली. चांगली रेलवली. पोटापाण्याने सुखी माणूस होता. दार चौकटीत गच्च बसलं.

मग दाराची मूठ फिरवल्याचा आवाज आला. मग पुन्हा. मग जोरात.

"ओ साहेब! दार उघडा!"

"उघडंच आहे! तुमच्याकडे ओढा!"

"ओढतोय! बाहेरून कडी घातलीत तुम्ही!"

"कडी नाही हो! रंग चिकटलाय! ताजा लॅटेक्स दोन पृष्ठभागांमध्ये दाबला गेला की—"

"मला कोंडलंय! काकू, या लोकांनी मला कोंडलंय!"

विश्वकोशाने दार ढकललं. हललं नाही. खांदा लावला. हललं नाही. मग त्याला एकदम उपाय सुचला आणि तो घर दणाणेल असा ओरडला,

"अगं, सुरी आण! मोठी! धारवाली!"

बेत साधा होता. सुरीचं पातं फटीत घालायचं आणि चिकटलेला रंग कापायचा. पण आत बसलेल्या माणसाला हा बेत कुणी सांगितला होता? त्याने इतकंच ऐकलं. सुरी, मोठी, धारवाली! लगेच फरशीवरून काहीतरी जड सरकल्याचा आवाज. पुतण्याने कापड बेतायचं टेबल दाराला लावलं होतं आणि स्वतः त्यावर बसला होता.

"आत आलात तर याद राखा!"

"अहो, तुम्हालाच बाहेर काढतोय!"

"मला नाही यायचं!"

आता बाहेरून विश्वकोश ढकलतोय, आतून पुतण्या रेटतोय, आणि मधल्या मधे रंग आणखी घट्ट बसतोय! इतकं मन लावून दोघांनी आयुष्यात कुठलंच काम केलं नसेल.

"सुरीने होत नाही," विश्वकोश पातं वाकवून म्हणाला. "अगं, उकळतं पाणी टाक! उष्णतेने रंग मऊ पडतो!"

"उकळतं पाणी!" आतून किंकाळी आली. "काकू! हे मला भाजणार!"

बायको गॅसवर पाणी ठेवून बैठकीत आली. संपलं सगळं, असं तिला वाटलं. मालकिणीचा पुतण्या कोंडला, धमकावला, आता भाजायचा राहिला होता. तिने मालकीणबाईंसमोर हात जोडले.

"चुकलं हो आमचं. त्यांना काढतोच आम्ही बाहेर."

मालकीणबाईंनी मान तिरकी करून आतला आरडाओरडा ऐकला.

"तो आत आहे?"

"हो."

"आणि त्याला बाहेर येता येत नाही?"

"सध्या नाही."

"मग पाणी ठेवलंच आहेस तर चहाच टाक," मालकीणबाई म्हणाल्या, आणि काठी बाजूला ठेवून पाय लांब केले.

बायको बघतच राहिली.

"अगं, बघतेस काय? साखर बेताची. हा कारभार बघायला लागल्यापासून माझं एक वाक्य पुरं झालेलं नाही. मी 'अ' म्हटलं की हा 'ज्ञ' पर्यंत जाऊन येतो. आज या घरात, उद्या माझ्या. मला गच्चीवरच्या खोलीत टाकायचा विचार आहे त्याचा. माझ्या भल्यासाठी! बरं, तू शिवतेस म्हणे. पडदे शिवतेस का?"

चहा झाला. पडद्यांचं बोलणं झालं. झालर हवी की नको यावर दोघींचं एकमत झालं. आतून मधूनमधून "काकू!" ऐकू यायचं. काकू दुसरा कप घेत होत्या.

"धंदा कसा चालतो तुझा?"

"चालतो चांगला. खोलीत उजेड आहे ना, म्हणून. दुसरीकडे असा उजेड मिळायचा नाही."

"हं," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून कराराचे कागद काढले, पेन काढलं आणि चष्मा लावून लिहायला घेतलं. मधेच थांबून आतल्या दिशेने बघितलं, जरा विचार केला, खाली आणखी एक ओळ लिहिली आणि सही ठोकली. "ही घे. तूही कर."

इकडे विश्वकोशाचा धीर सुटला होता. ज्ञान संपलं की माणूस खांद्यावर येतो. तो पार बैठकीच्या टोकापर्यंत मागे गेला आणि बैलासारखा धावत सुटला. नेमकं त्याच क्षणी पुतण्याने ठरवलं की मरायचंच तर निदान पळताना मरावं. त्याने टेबल सारलं आणि मूठ धरून सगळ्या अंगाने दार ओढलं.

चर्रर्रर्र!

दार उघडलं. विश्वकोश सरळ आत गेला, मशीनला वळसा घालून कापडाच्या ढिगात तोंडावर पडला. आणि दारावरचा रंग? तो दाराबरोबर गेलाच नाही! त्याची कड चौकटीला चिकटली होती. बाकीचा अख्खा थर त्या बुळबुळीत हिरव्यावरून सोलून निघाला आणि दाराच्या जागी पांढऱ्या पडद्यासारखा लोंबत राहिला. पुतण्या त्या पडद्यातून धावला, म्हणजे पडदा घेऊनच धावला! तोंडाला, पोटाला, मोजपट्टीला रंगाचं कातडं गुंडाळून तो बैठकीत येऊन उभा राहिला. साल काढलेलं केळं आपण सगळ्यांनी बघितलंय. साल चढवलेलं केळं त्या घराने पहिल्यांदाच बघितलं.

मागे जुनं हिरवं दार पूर्वीसारखंच हसत होतं.

विश्वकोश ढिगातून उठला. त्याने त्या कातड्याचं टोक चिमटीत धरलं, ताणलं आणि त्याचे डोळे चमकले.

"पाहा! पाहा किती लवचिक! ऑइल पेंट असता तर तुकडे पडले असते!"

"काकू!" कातड्यातून आवाज आला. "यांना आजच्या आज हाकला!"

"उशीर झाला रे," मालकीणबाई कप खाली ठेवत म्हणाल्या. "सही झाली."

"सही? मला न विचारता?"

"तुला विचारणार होते. पण तू कामात होतास."

पुतण्या तसाच पायऱ्या उतरला. खाली रस्त्यावर कुणीतरी मोठ्याने हसल्याचं ऐकू आलं. मालकीणबाई सावकाश उठल्या. विश्वकोश अदबीने पुढे झाला. अंगभर रंग, केसात दोरे, पण छाती फुगलेली.

"म्हणजे मालकीणबाई, रंगामुळेच जमलं म्हणायचं!"

"रंगामुळेच," त्या म्हणाल्या. "जरा बरा लागला असता तर तो बाहेर असता."

त्या गेल्या. विश्वकोशाला यातली स्तुती तेवढी कळली. तो खुर्चीत टेकला आणि बायकोपुढे हात पसरला.

"बघू करार. माझं नाव बरोबर लिहिलंय ना?"

"करार माझ्या नावावर आहे."

"तुझ्या? आणि माझं नाव?"

"तुमचाही उल्लेख आहे. शेवटच्या अटीत." बायकोने कागद उजेडात धरला आणि आठवड्यात पहिल्यांदाच हसत हसत वाचलं, "'भाडेकरूच्या नवऱ्याने या घरात ब्रश हाती धरल्यास करार त्याच क्षणी रद्द समजावा.'"

विश्वकोशाने मान पुढे काढून ती ओळ स्वतः वाचली. बायकोला वाटलं, चला, एकदाचा शहाणा झाला! ती कागद घडी करून मशीनच्या खणात ठेवणार, इतक्यात तो खाकरला.

"ब्रश लिहिलंय," तो म्हणाला. "रोलर कुठे लिहिलाय?"