निळ्या मडक्यातलं पाणी

दिवाळीच्या पाडव्याला, दोंडाईच्याच्या कुंभारवाड्यात, पाच माणसं, दोन गाढवं आणि स्वतःची बायको यांच्या साक्षीने झुलाल कुंभाराने जाहीर केलं की, येत्या उन्हाळ्यात त्याच्या घरचे लोक निळ्या मडक्यातलं पाणी पितील! काळ्या नाही, लाल नाही, निळ्या! काचेसारखी झिलई असलेल्या!

पाच माणसं हसली. गाढवांनी विचार करायला वेळ मागून घेतला. बायको वच्छलाबाई तेवढी कामाचं बोलली.

"निळं काय नि हिरवं काय, पानी गार व्हई का त्यामा?"

"गार? बरफना मायक!" झुलाल म्हणाला. म्हणजे बर्फासारखं!

हे निळ्याचं वेड त्याला लहानपणी लागलं होतं. सारंगखेड्याच्या यात्रेत बापाबरोबर मडकी विकायला गेला असताना तापीच्या वाळूत त्याला एक खापराचा तुकडा सापडला. बोटाएवढा, निळा, गुळगुळीत. कुणाच्या भांड्याचा, कुठल्या काळाचा, देव जाणे! झुलालने तो बंडीच्या आतल्या खिशात ठेवला तो चाळीस वर्षं तिथेच. बंड्या फाटल्या, बदलल्या. तुकडा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला. दुपारी चाक फिरवताना तो तुकडा डोळ्यापुढे धरून झुलाल सूर्याकडे बघायचा, आणि मग चाकावरची माती आपोआप वर चढत जायची, आभाळाला लागायची, आणि आभाळच तिच्यावर उतरून बसायचं. एकदा असं बघता बघता त्याने साडेतीन फुटांची चिलीम केली. आता गिऱ्हाईक काही साडेतीन फुटांचं मिळालं नाही, ती गोष्ट वेगळी.

तर हे निळं आणायचं कुठून, ते सांगितलं लीलाधर सरांनी. सर शाळेत चित्रकला शिकवायचे. मिरचीच्या भज्यांच्या पुडीवर त्यांनी जाहिरात वाचली: बडोद्याकडच्या एका कलाकेंद्रात मातीकाम करणाऱ्या कलावंतांना तीन महिने राहायला खोली, दोन वेळचं जेवण, विजेवरचं चाक, गॅसची भट्टी आणि पाहिजे त्या रंगाची झिलई, सगळं फुकट! अट एकच. स्वतःच्या कल्पनेने केलेली सहा भांडी पाहिजेत. आधी फोटो पाठवायचे, मग केंद्राचं माणूस येऊन भांडी डोळ्यांनी बघणार. भज्याच्या तेलात तारीख तेवढी बुडाली होती. तरी सरांनी अर्ज भरला.

झुलालने सहा भांडी केली. एक वाकडं, झोपेत कूस बदलल्यासारखं. एकाला दोन तोंडं. एकाला तोंडच नाही! एक पदरासारखं लाटालाटांचं. उरलेली दोन काय होती ते झुलाललाही नीट सांगता येत नव्हतं. पण ती बघितली की माणूस जरा वेळ गप्प बसायचा.

वच्छलाबाई गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. बिनतोंडाच्या भांड्याला तिने चार बाजूंनी निरखलं. "यामा पानी कोठून भरानं?"

"ते पान्यासाठी नही शे."

"मंग कसासाठी शे?"

"सपन भराले!"

"बरं," ती म्हणाली. "सपनले झाकन तरी करा. मुंग्या लागतीन."

फोटो काढायला भांडी हातगाडीवरून गफूरभाईंच्या दुकानी गेली. गफूरभाईंनी आयुष्यभर नवरानवरीचे फोटो काढलेले. त्यांनी एकेक भांडं खुर्चीवर बसवलं, मागे काश्मीरच्या तळ्याचा पडदा सोडला, शेजारी प्लास्टिकची फुलं ठेवली, आणि वाकड्या भांड्याला म्हणाले, "गर्दन थोडी सीधी!" भांड्याने ऐकलं नाही. सहाही फोटो बडोद्याला गेले.

तिथे काय घडलं कोण जाणे, पण माघात एका गुरुवारी संध्याकाळी तार आली. सलीमा मॅडम उद्या सकाळच्या भुसावळ पॅसेंजरने येत आहेत. भांडी तयार ठेवा!

आता इथे एक भानगड सांगायची राहिली.

त्याच आठवड्यात मिरचीचे व्यापारी धनसिंगभाऊ यांच्या मुलीचं लग्न होतं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीकडच्या बायका वाजतगाजत कुंभाराच्या घरी जातात. चाकाला हळदकुंकू वाहतात, चाकाची पूजा करतात, आणि मांडवात मांडायची मडकी डोक्यावर घेऊन वाजतगाजत परततात. पूजा झाल्यावर नवरीला रिकाम्या हाताने पाठवणं म्हणजे कुंभाराच्या सात पिढ्यांनी तोंड लपवावं असं काम! झुलालने धनसिंगभाऊंची मडकी वेळेवर घडवली होती. पण भाजली नव्हती. फोटो कच्च्या भांड्यांचे गेले होते; ती सहा भाजायला आवा, म्हणजे कुंभाराची भट्टी, रचताना वच्छलाबाईने लग्नाची मडकीही आत घेतली, तर हा आडवा आला.

"आज फक्त सहा! कलेला मोकळी हवा लागते, असं सर म्हणतात."

"आनि लगीननी मडकी?"

"बायका शुक्रवारी संध्याकायले येतीन. गुरुवारी रातले भाजसू. घाई काय शे?"

गुरुवारी संध्याकाळी तार आली, आणि रातभर झुलाल निळ्या खापराकडे बघत बसला. आवा पेटवायचं काम त्याच्या डोक्यातून असं गेलं जसं तळहातावरून पाणी.

शुक्रवारी सकाळी सर आणि झुलाल स्टेशनवर. आणि धनसिंगभाऊंच्या बँडवाल्यांना संध्याकाळी शिंदखेड्याची दुसरी सुपारी होती! म्हणून भाऊंनी पूजा सकाळीच उरकायचं ठरवलं. साडेआठ वाजता कुंभारवाड्यात बँड शिरला. मागे साठ बायका, पुढे नवरीची आत्या बेबाबाई. गाढवं गावाबाहेर पळाली.

चाकाला हळद लागली, कुंकू लागलं, नारळ फुटला. बेबाबाईने पदर पसरला. "आन वं माय, मडकी!"

वच्छलाबाईने छपरीत पाहिलं. कच्ची मडकी नुसती वाळलेली, उचलली की बोटांत येतील. दुसऱ्या बाजूला, धुतलेल्या घोंगडीवर, पक्की, लालभडक, टणटण वाजणारी सहा. साठ बायका पदर पसरून उभ्या. बँड थांबायला तयार नाही.

"घ्या माय," ती म्हणाली. "ह्याच शेतस."

बेबाबाईने दोन तोंडांचं भांडं हातात घेतलं. बायका पुढे वाकल्या. बँडसुद्धा एका पायावर थांबला. मग बेबाबाई म्हणाली, "एक तोंड नवरीनं, एक नवरदेवनं! वा वं वच्छला, काय डोकं चालाडं!"

आणि सहाही भांडी बायकांच्या डोक्यावरून नाचत निघून गेली.

अर्ध्या तासाने टांग्यातून सलीमा मॅडम उतरल्या. पन्नाशीच्या, खादीची साडी, खांद्याला झोळी. सर त्यांच्याशी छापील मराठी बोलत होते. "या, महोदया, हीच ती सृजनभूमी!" झुलाल आत धावला. घोंगडी रिकामी.

"भांडा कोठे शेतस?"

"लई गयात."

"कोन?"

"नवरीनी मानसे. मी काय करू? चाक पुजं त्यास्नी! नवरीले रिकामं धाडू?"

झुलाल घोंगडीवर बसला. त्याचा चेहरा असा झाला की, तो फोटोत धाडला असता तर सातवी कलाकृती म्हणून घेतली असती. खिशातला तुकडा त्याने मुठीत धरला. बडोद्याची भट्टी, निळी झिलई, ते आभाळ, सगळं बँडच्या मागून चाललेलं त्याला दिसत होतं.

सर बाहेर मॅडमना म्हणाले, "भांड्यांचं प्रदर्शन अन्यत्र भरलं आहे. आपण चहा घ्यावा. तोवर आम्ही… दालन उघडतो."

मॅडमनी वच्छलाबाईच्या हातचा चहा घेतला, आणि झुलालच्या चाकाचं हळदकुंकू बघून हात जोडले.

झुलालने डोकं चालवलं. चुलतभाऊ निंबाकडून सहा सरळ, पक्की मडकी उसनी आणायची, मांडवात जाऊन हळूच बदलायची, आपली घेऊन यायची. एका पाटीत सहा मडकी घेऊन तो मागच्या दाराने मांडवात शिरला.

मांडवात काय बघतो! सहाही भांड्यांना चुना फासलेला, गेरूचे पट्टे ओढलेले, सूत गुंडाळलेलं, एकावर एक चढवलेली. सगळ्यात वर बिनतोंडाचं. भटजी तांब्या घेऊन त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले होते. "यजमान, यात पाणी घालू कुठून?" शेवटी त्यांनी पाणी वरून ओतलं आणि मंत्र जरा मोठ्याने म्हटला.

झुलालने पाटी खाली ठेवली. तळाच्या वाकड्या भांड्याला हात लावला.

"अरे, झुलालभाऊ!" मागून धनसिंगभाऊंचा आवाज. "मान घ्यायला आलात ना! विसरलोच मी!" कुंभाराचा मान म्हणजे टोपी, टॉवेल, नारळ. तीनही वस्तू झुलालवर चढल्या. बँडने एक गत वाजवली.

भाऊ पाहुण्यांकडे वळले. झुलाल पुन्हा वाकला. दोन तोंडांचं भांडं धरलं.

बेबाबाईने पाहिलं. "दादा, कुंभारभाऊ नाराज दिसस! मान कमी पडना!" दुसरी टोपी, दुसरा टॉवेल, दुसरा नारळ. पुन्हा गत!

तिसऱ्या खेपेला झुलालने हात लावलाच नाही. नुसती पाटी पुढे सरकवून म्हणाला, "भाऊ, ही घ्या, ती द्या…"

"आणखी सहा आणली!" धनसिंगभाऊंचे डोळे भरून आले. "माझ्या लेकीसाठी डझन पुरं केलं माणसाने!" निंबाची सहाही मडकी मांडवात गेली आणि तिसरी टोपी झुलालच्या डोक्यावर आली.

तीन टोप्या, तीन टॉवेल, तीन नारळ अशा अवस्थेत तो वळला, तर मांडवाच्या दारात सर आणि सलीमा मॅडम!

"हेच ते दालन," सर बारीक आवाजात म्हणाले. "पारंपरिक परिप्रेक्ष्यातली मांडणी…"

मॅडम पुढे आल्या. भांड्यांसमोर उभ्या राहिल्या. दुपार चढत होती, मांडवाच्या पानांतून उन्हाचे कवडसे चुन्यावर हलत होते, लाटांचं भांडं खरंच वाऱ्यावरच्या पदरासारखं दिसत होतं. वाकडं भांडं सगळ्यांचा भार घेऊन निवांत झोपलेलं होतं. आसपास बायका गात होत्या. झुलाल स्वतःचीच भांडी पहिल्यांदा बघितल्यासारखा बघत राहिला, आणि क्षणभर त्याला बडोदाही आठवलं नाही.

मग आठवलं. त्याने तीनही टोप्या काढल्या.

"मॅडम, प्रदर्शन नही शे हाई," तो सरांकडे न बघता म्हणाला. "लगीननी मडकी मी भाजी नही. माले ह्या सहानी घाई व्हती. मंग बायका ह्याच लई गयात. चूक मनी शे. आते ह्या परत मांगता येत नही."

सरांनी घाईने भाषांतर सुरू केलं. "महोदया, कलावंताचं म्हणणं असं की…"

"ऱ्हाऊ द्या सर," सलीमा मॅडम म्हणाल्या. "मी धुयानी शे. मना बाप जुना धुयामा सायकली दुरुस्त करे. सकायथीन बठ्ठं समजी ऱ्हायनं माले!"

मॅडम धुळ्याच्या निघाल्या, सकाळपासून त्यांना सगळं समजत होतं! सर टांग्यात झुलालशी अहिराणीत काय काय बोलले होते ते त्यांना आठवलं असावं. ते आचाऱ्याला मदत करायला निघून गेले.

मॅडम झुलालला म्हणाल्या, "भाऊ, आमच्या केंद्रात बावीस वर्षं कलावंत येत आहेत. त्यांची भांडी कपाटात असतात. फुकट दिली तरी कुणी डोक्यावर घेत नाही. तुमची बँड लावून नेली!" आणि झोळीतून कागद काढून तिथेच, नारळावर ठेवून, सही केली. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. तीन महिने.

झुलाल बडोद्याला गेला. खोली होती, विजेचं चाक होतं, गॅसची भट्टी होती, आणि एका फळीवर बरण्यांमधून निळ्याच्या सतरा जाती होत्या. पहिल्या रात्री तो त्या फळीसमोरच झोपला. स्वप्नात तापी उभी राहून त्याच्याकडे आली.

दुसऱ्या दिवशी केंद्राचा पाणी थंड करायचा कूलर बंद पडला. बाहेर ऊन असं की चिमण्या चालत होत्या! केंद्रात कलकत्त्याचे, केरळचे, एक जपानचे, असे अकरा कलावंत. अकराही जणांना माती येत होती. साधं मडकं एकालाही येत नव्हतं! सगळे झुलालच्या दाराशी. "भाऊ, एक मटका!" मग बडोद्यातून त्यांचे मित्र. मग मित्रांचे शेजारी. तीन महिन्यांत झुलालने दोनशे चौदा सरळ, साधी, लाल मडकी केली.

आणि एक निळं. शेवटच्या आठवड्यात, सगळे झोपल्यावर, खिशातला तुकडा समोर ठेवून.

ते तो पॅसेंजरमध्ये मांडीवर घेऊन आला. कुंभारवाडा जमला. पाच माणसं पुन्हा आली, गाढवंसुद्धा. भांडं बाहेर काढलं आणि माणसं पुढे सरकली. पाऊस लांबला होता, आणि दुपारच्या रखरखाटात छपरीत जणू आभाळाचा एक डोह उतरला होता. तुकडा जवळ धरला तर कुठे तुकडा संपतो आणि कुठे भांडं सुरू होतं तेच कळेना. वच्छलाबाईनेसुद्धा त्यावरून दोनदा हात फिरवला. दुसऱ्यांदा जरा सावकाश.

मग तिने ते धुतलं, काठोकाठ भरलं आणि कोपऱ्यात वाळूवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे हजर. तिने पेला बुडवला, एक घोट घेतला. झुलाल पुढे वाकला.

"कसं शे?"

वच्छलाबाईने तोंड पुसलं.

"पानी ते गरमच शे."

चाळीस वर्षं मडकी घडवणारा झुलाल चपापला. मडकं पाझरतं म्हणून पाणी गार होतं; झिलईतून थेंब पाझरणार कुठून? हे कुंभाराच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं! एवढी एक गोष्ट निळ्याच्या नादात त्याने चाळीस वर्षं मनात येऊच दिली नव्हती.

"बरफना मायक," वच्छलाबाई कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली, आणि पाणी तुळशीला ओतलं.

आता त्या भांड्यात कैरीचं लोणचं असतं. बुरशी येत नाही, मुंग्या लागत नाहीत. झाकण झुलालनेच करून दिलं. सपनाला पाहिजेच, म्हणाला.