सामाईक नको

पोलादपूर तालुक्यात भावाभावांची वाटणी करायची झाली की लोक मला बोलावतात. मी चहा आणि मान एवढंच घेतो. (चहा कमी असला तरी चालतो.) माझं तत्त्व एकच: सामाईक काही ठेवायचं नाही. सामाईक बोळ, सामाईक अंगण म्हणजे नातवंडांपर्यंत पुरणारं भांडण.

आमच्या घराचीही वाटणी मीच केली. मधला बोळ सामाईक राहू नये म्हणून त्याच्या बरोबर मधून भिंत घातली. आता दोन्ही बाजूंना इतका अरुंद बोळ उरलाय की त्यातून फक्त मांजर जातं. मागची विहीर माझ्या वाट्याला, संडास दादाच्या. म्हणजे वहिनी पाण्याला माझ्या माजघरातून जातात आणि मी दादाच्या माजघरातून. कागदावर वाटणी फार सुबक दिसते. ललितेने, म्हणजे माझ्या बायकोने, तो कागद अजून पाहिलेला नाही. रोज भिंत मात्र पाहते आणि मग माझ्याकडे पाहते.

एकोणनव्वद साली महाडला आमच्या रंगाच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला. एक डबा आणि त्याला पडदा-बटणांची चार टर्मिनलं: साहेबांचं, अकाउंट्सच्या कमळाबाईंचं, टाइमकीपर पांडूचं आणि स्टोअरचं, म्हणजे माझं. साहेब म्हणाले, "खंडेनवमीला शेटजी पूजेला येतील. त्यांच्यासमोर हे नीट चाललं, तर कॉम्प्युटर तुमच्या ताब्यात. पंख्यासकट केबिन."

पंख्यासाठी मी काहीही केलं असतं. दुर्दैवाने केलंही.

मुंबईहून देवस्थळी नावाचे टाय लावलेले इंजिनिअर फ्लॉप्यांची चळत घेऊन आले. म्हणाले, "मशीन चालवणारं युनिक्स घालण्याआधी डिस्कचे भाग पाडायचे असतात. कुणाला किती ते सांगा. नंतर बदलायचं म्हटलं तर सगळं पुसून पहिल्यापासून."

"वाटणी?" मी खुर्ची पुढे ओढली. "अहो, हे माझ्यावर सोडा!"

"हा भाग सिस्टिमचा. आणि हा स्वॅप. मेमरी कमी पडली की मशीन आपलं सामान थोडा वेळ इथे ठेवतं. आठ मेगाबाइट द्या."

"कुणाच्या नावावर?"

"कुणाच्याच नाही. सगळ्यांचं."

"आणि काम नसेल तेव्हा?"

"रिकामं."

"म्हणजे सामाईक आणि वर रिकामं! नकोच ते."

"अहो, नको कसं? लागतंच ते!"

"बरं, तुळशीपुरती जागा सोडतो. एक."

देवस्थळींनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. मुंबईची एस.टी. सुटायची होती. "उद्या बोंब झाली तर माझं नाव घ्यायचं नाही," म्हणाले आणि त्यांनी एक टाकला.

वाचलेली जागा मी न्यायाने वाटली. साहेबांना वडीलकीचा जादा वाटा. (टर्मिनलवर ते फक्त चष्मा ठेवत.) कमळाबाई म्हणाल्या, "किती द्यायचं ते द्या, पण पांडूपेक्षा जास्त."

"ऱ्हाऊ द्या हो बाई," पांडू म्हणाला, "तुमचे नुसते आकडे. माझी चारशे मानसं हायत. ती काय उभी ऱ्हानार?"

शेवटी दोघांना सारखंच दिलं आणि प्रत्येकाला खासगीत सांगितलं की तुम्हालाच जास्त आहे.

पुढे महिनाभर मी स्टोअरमधला खिळान् खिळा टाइप केला. बाकीच्यांनी मुहूर्ताआधी हात लावला नाही, त्यामुळे मशीन एकट्या माझ्यासाठी छान चाललं.

खंडेनवमीला डब्याला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं. शेटजींनी नारळ फोडला. कुणाचाही मान हुकू नये म्हणून चौघांनी एकदमच बटणं दाबली. पडद्यावर अक्षरं आली: नॉट इनफ स्पेस. मग तीही थिजली.

"जागा नाही म्हणतंय?" साहेब ओरडले. "माझ्या वाट्यात ढीगभर पडलीय, त्यातली द्या!"

"देता येत नाही साहेब," मी नम्रपणे म्हणालो. "पक्की वाटणी आहे."

शेटजींनी पेढा घेतला, माझ्याकडे न बघता विचारलं, "हे कोण?" आणि गाडीत बसले.

दिवाळीच्या तोंडावर देवस्थळी परत आले. सगळं पुसलं. माझे खिळेही पुसले. नव्याने भाग पाडताना साहेब म्हणाले, "ह्यांना सोडून कुणालाही विचारा." चारही टर्मिनलं केबिनमध्ये गेली, पंखा सगळ्यांचा झाला आणि माझं टेबल आलं पॅसेजमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायात.

त्या दुःखात मी कॅन्टीनमध्ये दोन प्लेट मिसळ खाल्ली. महाडहून पोलादपूरपर्यंत मिसळीने कसाबसा धीर धरला. घरात पाऊल टाकताच ललितेने काय झालं ते विचारलं, आणि मी थोडक्यात सांगितलं.

"म्हणजे," ती म्हणाली, "मशीनलासुद्धा बोळ लागतो तर."

उत्तर द्यायला वेळ नव्हता. मी टमरेल उचललं आणि दादाचं दार ठोठावलं. वहिनींनी ते बोटभर उघडलं.

"थांबा जरा भावजी. मुंबैचं पावणं आल्यात, माजघरात पंगत बसलीय. पाय ठेवायला जागा नाय."