गाल दावा

हौसा गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं रेझर आणायला गेलतो. शेवटचं म्हणून काही केलं नव्हतं. भाजी घ्यायची, तिच्या गुडघ्याला चोळायचं तेल घ्यायचं आणि माझ्यासाठी रेझर बघायचा, एवढंच काम. महाद्वार रोडला आत बोळात रफिकचं कटलरीचं दुकान आहे. तिथं तिनं होते नव्हते तेवढे रेझर काउंटरवर मांडायला लावले आणि सोनाराकडं बसल्यासारखी एकेक तळहातावर तोलून बघत बसली. मागं गिऱ्हाइकं खोळंबली. एका बाईला नुसती बांगडी पाहिजे होती, ती पण रेझर बघत उभी राहिली.

शेवटी हौसानं एक उचलला. जुन्या पद्धतीचा, एका पात्याचा, लोखंडी दांडीचा. म्हणाली, “ह्यो जड हाय. ह्याला दाबायला नगं. आपल्या वजनानंच जाईल.”

हौसा म्हणजे माझी बायको. बेचाळीस वर्षं संसार केला. तुम्ही तिला बघितलं नाही म्हणून सांगतो. बुटकी, सावळी, आवाज असा की हाक मारली की बोळाच्या तोंडाला रिक्षा थांबायची. बाकी सगळं चार बायकांसारखं. फक्त दाढीच्या बाबतीत तिचं डोकं वेगळं चालायचं. माझ्या दाढीच्या.

लोकांच्या घरी सकाळी उठलं की चहा. आमच्या घरी आधी परीक्षा. मी दाढी करून आत आलो की ती पिठाचा हात पदराला पुसायची आणि म्हणायची, “गाल दावा.” मी गाल पुढं करायचा. ती उलटा हात, म्हणजे बोटांची मागची बाजू, गळ्यापासून वर फिरवायची. अडकलं की, “कुसळं हाईत. जावा परत.” नाही अडकलं की चहा. छान झाली, बरी झाली, असलं काही तोंडातनं निघायचं नाही. चहा मिळाला म्हणजे पास. आणि रक्त दिसलं तर चहा नाही आणि बोलणंही नाही. तुरटीचा खडा घ्यायची आणि असा दाबायची की कापलं ते बरं होतं असं वाटायचं.

पाहुणे असले तरी सूट नाही. लेकीच्या लग्नात वरात दारात आली, वाजंत्री वाजायला लागली, मी फेटा बांधून पुढं निघालो तर हिनं मला मांडवाच्या खांबाशी धरलं. “गाल दावा.” मी म्हटलं, “अगं, व्याही बघाय लागल्यात.” तर म्हणाली, “त्यास्नी काय बघायचं ते बघू द्या, मला माझं बघू द्या.” डाव्या कानाखाली दोन केस राहिले होते. फेटा उतरवून परत पाठवलं. मी आत दाढी करतोय आणि बाहेर ही कबनूरच्या व्याह्यांना विचारतीय, “पावणं, तुमची दाढी लई गुळगुळीत हाय. कुठला रेझर वापरता?” व्याह्यांना वाटलं मानपानातलं काहीतरी राहिलं. पुढच्या दिवाळीला त्यांनी लेकीबरोबर फराळाच्या डब्यात रेझर घालून पाठवला.

आता हे वेड कुठनं आलं ते सांगतो. मी चौथीपर्यंत शिकलो आणि फौंड्रीत लागलो. वाळूचे साचे करायचे, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. लग्नाआधी असाच एक थेंब उडून माझ्या हनुवटीला खड्डा पडला. दाढी करताना पातं त्या खड्ड्यात हमखास अडकायचं. लग्नाला महिना झाला असेल, सकाळी तिथं चांगलंच कापलं. मी तसाच कामावर गेलो. फौंड्रीची काळी वाळू जखमेत गेली. तिसऱ्या दिवशी जबडा भोपळ्याएवढा. आठ दिवस दवाखान्यात तापानं फणफणत पडलो. हौसा तेव्हा एकोणीस वर्षांची, नेसरीहून आलेली, कोल्हापुरात कुणाची ओळख नाही. डॉक्टरांनी विचारलं, “कशानं झालं?” ती म्हणाली, “दाढी केल्याली.” डॉक्टर हसले. ती हसली नाही. तिथनं पुढं रेझर या विषयावर ती कधीच हसली नाही.

तिला रेझर पाहिजे होता स्वस्त, आणि लागायला नको. दोन्ही एकात मिळत नाही हे सगळ्या जगाला पटलंय, तिला पटलं नव्हतं. जत्रेत गेली की पाळणे सोडून रेझर बघायची. जयसिंगपूरला तिची बहीण असते. तिथल्या बाजारातनं एकदा हिरव्या दांडीचे रेझर आणले. ते केस कापायचे नाहीत, उपटायचे. मी ओरडलो तर म्हणाली, “रेझर न्हवं, चिमटा हाय.” आणि दुसऱ्या दिवशी परत करायला पंचवीस-तीस मैल बसनं गेली.

जावयानं एकदा पाच पात्यांचा भारीतला आणून दिला. त्याच्या नुसत्या पात्यांची किंमत ऐकून हौसानं खाली बसून पाणी मागितलं. “पाच पाती? गाल हाय का शेत?” म्हणाली. तरी टाकून दिला नाही. रोज धुऊन, पुसून, खोबरेल लावून कपाटात तिच्या बोरमाळेच्या डबीशेजारी ठेवायची. ते एक पातं दीड वर्ष चाललं. त्यातलं शेवटचं वर्ष माझे हाल झाले.

रफिकची आणि तिची भांडणं तर बोळाला पाठ होती. वापरलेला रेझर ती परत न्यायची. रफिक म्हणायचा, “मावशी, वापरलेलं परत घेत्यात व्हय कुठं?”

“मग तुझ्या गालावर फिरवून दाव. लागला न्हाई तर म्या घिऊन जाते.”

“मी दाढी राखलीया की! कुठं फिरवू?”

“मग तुला ह्यातलं काय कळतंय? दाढीवाल्यानं रेझर विकायचं म्हंजे झालं!”

रफिक हात जोडायचा आणि दुसरा काढून द्यायचा. ती गेली तेव्हा दुकान बंद करून आला होता. कोपऱ्यात उभा राहिला आणि मला म्हणाला, “काका, आता माझ्या दुकानात खोट कोण काढणार?”

तिच्या दोन गोष्टी मला कधी कळल्या नाहीत. एक म्हणजे नवा रेझर आणला की ती लगेच द्यायची नाही. डाळीच्या डब्यामागं ठेवायची. मागितला की म्हणायची, “नवी वस्तू हाय. दोन दिस घरात ऱ्हाऊ द्या, घरची हू द्या.” मला वाटायचं, नेसरीकडची काहीतरी रीत असेल. दुसरं म्हणजे तिच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, एक केस नव्हता. उजव्या हातावर होते. विचारलं तर म्हणायची, “चुलीच्या झळंनं जळलं.” कधी त्याच हातावर ओरखडे असायचे. विचारलं तर म्हणायची, “मांजरानं वरबाडलं.” आमच्या घरात मांजर नाही. शेजारचं असेल म्हणून मी सोडून दिलं. मी जास्त विचारणारा माणूस नाही.

तर त्या दिवशी रेझर आणला, डाळीच्या डब्यामागं गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मेथी निवडता निवडता हौसानं मान टाकली. मी समोर पेपर वाचत होतो. दवाखान्यात नेईतोवर संपलं होतं. एक बरं झालं, तिला अंथरुणात लोळावं लागलं नाही. तसलं तिला जमलं नसतं. तिनं नर्सचा जीव खाल्ला असता.

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर न्हाव्यानं माझं डोकं आणि दाढी केली. हनुवटीच्या खड्ड्यात कापलं. रक्त टपकन खाली पडलं. न्हाव्यानं ओल्या हातानं पुसलं आणि पुढच्याला हाक मारली. कुणी तुरटी आणली नाही, कुणी दाबली नाही. मला त्या दिवशी तिथं समजलं की ती गेली.

मग मी दाढी केलीच नाही. जुना रेझर गंजला, फेकून दिला. नवा डब्यामागं होता, पण तो तिनं दिला नव्हता. पाच महिने गेले. दाढी छातीला टेकायला आली. खाज सुटायची, आमटी अडकायची. बोळातली लोकं म्हणायला लागली, म्हातारा वैरागी झाला. कसला वैरागी! मला भ्या वाटत होतं. ते पातं खड्ड्यात अडकणार, रक्त येणार, आणि ते बघायला घरात कुणी नाही, ह्याचं भ्या. पण हे कुणाला सांगायचं? बाहेर जाणं बंद केलं.

परवा लेक आली, सुनंदा. तिच्या पोरीचा साखरपुडा कबनूरला. मला न्यायला आली होती. मी म्हटलं, मी येत नाही.

“का येत न्हाई? आज्जी न्हाई, आन आज्जा बी न्हाई? पोरगी रडाय लागलीया.”

“ह्या तोंडानं येऊ?”

“मग करा की दाढी! गोसावी दिसताय.” आणि तिनं डाळीचा डबा सरकवला. “ह्यो काय, नवा कोरा रेझर हाय की हितं!”

“ठेव तिथं. आईनं दिला न्हाई अजून.”

मी बोलून गेलो आणि मलाच लाज वाटली. सुनंदा डबा तसाच हातात धरून उभी राहिली. मग खाली बसली.

“आप्पा, आई दोन दिस रेझर का ठेवायची, म्हाईत हाय न्हवं तुमास्नी?”

“घरची वस्तू हू दे म्हणायची.”

“कुठलं काय! हातावर फिरवून बघायची. आधी कोरडा, मग साबण लावून. हितं, मनगटाच्या हाडाभवती तर मुद्दाम. म्हणायची, हितं न्हाई लागला तर आप्पाच्या खड्ड्यात बी न्हाई लागायचा. कितींदा कापून घेतलंया. मला शपथ घातलीती, सांगू नगं, हसतील म्हणून.”

“म्या म्हटलं, चूल...”

“आप्पा, घरात गॅस येऊन तीस वर्सं झाली.”

मला आधी राग आला. त्या हातानं रोज माझी भाकरी थापली, तो हात रोज माझ्या गालावरनं फिरला, आणि मी मांजर म्हणून गप बसलो. माझ्यासारखा बिनडोक माणूस नसेल. मग हळूहळू बरं वाटायला लागलं. खरं सांगतो, छातीवरनं वाळूची पाटी उतरवल्यासारखं झालं. इतकी वर्षं मला वाटत होतं, ही मला शाळेतल्या पोरागत तपासते, माझ्यावर हिचा भरवसा नाही. तिचा भरवसा रेझरवर नव्हता. त्या रात्री मी पाच महिन्यांत पहिल्यांदा सलग झोपलो.

सकाळी उठलो. कात्रीनं दाढी बारीक केली. मागच्या दारी खुर्ची टाकली, आरसा खिळ्याला अडकवला. रेझरात पातं घातलं. मग सदऱ्याची डावी बाही वर केली. आधी कोरडा फिरवला, मग साबण लावून. मनगटाच्या हाडाभवती चारदा फिरवला. लागला नाही. जड होता, आपल्या वजनानंच गेला.

मग गालाला साबण लावला. हनुवटीच्या खड्ड्यात गेला आणि तसाच बाहेर आला. पाण्यात रक्ताचा थेंब नाही. बेचाळीस वर्षं ती शोधत होती तो हाच, आणि एवढा स्वस्त.

आतनं सुनंदानं हाक मारली, “आप्पा, चहा झालाय. आणू?”

“थांब,” म्हटलं. “गाल बघायचाय अजून.”

डावा हात उलटा केला आणि गळ्यापासून वर फिरवला. कानाखाली दोन केस राहिले होते. परत साबण लावला, तेवढे काढले, परत हात फिरवला. कुठं अडकला नाही.

“आता आण,” म्हटलं.