बसली का?

शाई महिनाभर टिकवावी तर मीच, असं मी त्या दिवशी सकाळी घरात छाती फुगवून सांगितलं. प्रयोगशाळेत मी ग्राफीनची शाई करतो. पेन्सिलीच्या शिशाचे पातळात पातळ पापुद्रे सुटे करायचे आणि तरंगत ठेवायचे. पण हे पापुद्रे भारी मायाळू. जरा मोकळे सोडले की एकमेकांच्या गळ्यात पडतात, गोळा होतात आणि तळाशी बसतात. काही उग्र द्रावकांशी त्यांचं जमतं, पण त्या वासाने माणूसच बसतो. म्हणून मी साधं पाणी घेतो आणि त्यात साबणाच्या जातीचं एक द्रव्य घालतो. त्याचं एक टोक पापुद्र्याला चिकटतं, दुसरं पाण्यात राहतं, आणि त्यावरच्या विजेच्या भारामुळे पापुद्रे एकमेकांना दूर ढकलत राहतात. दुपारी साहेब बाटली बघणार होते. शाई बसलेली दिसली तर प्रकल्प बंद, आणि मी पुन्हा नळाच्या पाण्याचे नमुने तपासायला.

त्याच दिवशी सासूबाईंना बसमध्ये बसवून देण्याची कामगिरीही माझ्यावर होती. आमच्याकडचा मुक्काम आटोपून त्या मोठ्या मुलीकडे निघाल्या होत्या. स्टँड जवळच, म्हणून त्यांना प्रयोगशाळेबाहेर खुर्ची दिली आणि म्हटलं, एवढी बाटली बघतो, मग निघू. तेवढ्यात बायकोचा मेसेज आला, "बसली का?"

नवऱ्याच्या कामाची केवढी ही काळजी! मला भरून आलं. लिहिलं, "छे! आता महिनाभर बसत नाही."

"का? काय झालं?"

"साबण घातलाय ना. नाहीतर एव्हाना गोळा होऊन तळाशी पडली असती."

मग, "दिसतेय कशी?"

"काळी कुळकुळीत. मधूनमधून हलवतोय."

आता सासूबाईंना 'बसली' म्हणायची माझी काय बिशाद? पण घाबरलेल्या माणसाला व्याकरण कुठलं सुचायला! आईलाच काहीतरी झालं असं समजून बायकोने भावाला पिटाळलं. मेहुणा मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली घेऊन असा धावत आला, की बाहेर खुर्चीत पेंगणारी आई त्याला दिसलीच नाही. मी दाखवल्यावर बाटली माझ्या टेबलावर टाकून तो तिच्याकडे धावला आणि तिच्या पापण्या वर करून बघू लागला. सासूबाई जाग्या झाल्या. आई ठणठणीत आहे एवढं त्याने बहिणीला कळवलं, पण सासूबाईंनी त्याला जे फैलावर घेतलं, ते संपेपर्यंत बस सुटली होती.

आणि साहेब आले. शाई त्यांना पसंत पडली; जरा दाट वाटते, थोडं पाणी घाला म्हणाले. मी गडबडीत हाताला लागली ती बाटली उचलली आणि ओतली. मेहुण्याची!

मीठ आत गेलं की विजेचा सगळा दरारा संपतो. पापुद्रे धावत जाऊन एकमेकांना बिलगले. बघता बघता शाई दुधासारखी नासली, खाली काळा गाळ आणि वर स्वच्छ पाणी.

"बसली?" साहेबांनी विचारलं.

मी नुसती मान हलवली. त्याच क्षणी पुन्हा बायकोचा मेसेज, "बसली का?" मी रडवेला होऊन लिहिलं, "हो, बसली."

संध्याकाळी तिने हसतमुखाने दार उघडलं. माझ्यामागून सासूबाई पिशवीसकट आत आल्या आणि सोफ्यावर बसल्या.

"ती बस गेली ती गेली," त्या म्हणाल्या. "आता महिनाभर मी काही हलत नाही."

उद्यापासून नळाचं पाणी तपासायचं होतं. महिनाभर टिकेल, असं सकाळी मीच म्हणालो होतो. फक्त ते शाईबद्दल म्हणालो होतो.