डिकीतला गारवा

"उष्णतेनं माझ्यापुढं कधीच गुडघे टेकलेत!"

गारठेरावांनी हे जाहीर केलं तेव्हा त्यांचा घाम हनुवटीवरून ठिबकत होता. कारण वीस वर्षं लोकांचे एसी दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांच्या स्वतःच्या दुकानातला एसी तीन महिने बंद होता!

गाडीतही तीच कथा. गाण्याचा आवाज वाढवणारा अँप्लिफायरचा डबा त्यांनी स्वतः सीटखाली बसवून वर जाड गालिचा अंथरला होता. दिसायला नको ना! तो बिचारा दहा मिनिटांत तापायचा आणि जीव वाचवायला आपला आपण बंद व्हायचा. दोनदा बंद पडला, दोन्ही वेळा साडूसमोर.

"दमला वाटतं गवई!" साडू दात काढत म्हणाला. "रविवारी एक तास सलग वाजवून दाखवा. नाहीतर डबा माझ्या गाडीत!"

"लावली पैज!"

वायरमननं साधा उपाय सांगितला. "साहेब, डिकीत उभा बसवा. भोवती चार बोटं जागा सोडा. हवा खेळली की झालं."

"चार बोटं? तू वायरमन आहेस की शिंपी?"

डबा डिकीत गेला, पण शास्त्रोक्त पद्धतीनं. पुढच्या एसीच्या चारही तोंडांना नळ्या जोडून रावांनी सगळा गारवा डिकीत, थेट अँप्लिफायरच्या अंगावर सोडला.

रविवार, भर दुपार. पुढं साडू, मागं बायको आणि सासूबाई. दहा मिनिटं झाली, वीस झाली, गाणं थांबायचं नाव घेईना! माणसं मात्र भट्टीतल्या विटांसारखी भाजून निघाली.

"अहो, काच तरी खाली करा!" बायको ओरडली.

"काच उघडली की आवाज पळतो!"

"त्याच्या आधी मी पळेन माहेरी!"

साडूच्या सदऱ्याचं पोतेरं झालं होतं, पण नजर घड्याळावरून हलत नव्हती. पन्नासाव्या मिनिटाला सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली, उतरल्या आणि मागं दिसेनाशा झाल्या. गाणं चालूच. पंचावन्न. सत्तावन्न. अठ्ठावन्न!

"दोनच मिनिटं, साडूभाऊ!" रावांनी मिशीवर ताव दिला. "पण आई गेल्या कुठं?"

आवाज डिकीतून आला. सासूबाई आत पाय पसरून, पदर डोक्यावरून घेऊन आडव्या झाल्या होत्या.

"जावईबापू, इथं कसं गारेगार आहे हो! मी आता घरापर्यंत इथंच. फक्त उशाशी कोकलणारा हा डबा तेवढा बंद करा. आत्ताच्या आत्ता."